केन ड्रायडनचं १९७१-७२चं ओ-पी-ची कार्ड घरी आलंय, जाणकारांनी प्लीज बघा

एटोबिकोकर
नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटवर ढिगाने धागे निघतात, आईस हॉकीवर बहुतेक हा पहिलाच असेल, पण मराठीत विचारायला मला दुसरी जागा माहीत नाही म्हणून इथेच लिहितोय.

आमच्या शेजारचे गृहस्थ पासष्टीचे आहेत, घर विकून मुलीकडे राहायला चाललेत. गेले दोन शनिवार मी आणि माझा लेक त्यांचं गॅरेज रिकामं करायला मदत करत होतो. लेक अकरा वर्षांचा आहे, हाउस लीगमध्ये गोली म्हणून खेळतो, आणि या सीझनला त्यांची टीम सारखी हरतेय त्यामुळे जरा उतरलेला असतो. काल निघताना त्यांनी लेकाच्या हातात बुटांचा एक जुना खोका दिला आणि म्हणाले तू गोली आहेस ना, मग हे तुझं. आत हॉकी कार्डांची चवड, तिला रबरबँड लावलेला आणि तो वितळून वरच्या दोन कार्डांना चिकटलेला. घरी येऊन हळूहळू सोडवलं तर मधे कुठेतरी हे निघालं. नंबर ४५, अंडाकृती चौकटीत फोटो, केन ड्रायडन, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. कोपरे गोल झालेत, एक बाजू कुरतडल्यासारखी दिसतेय, आणि मागच्या बाजूला खाली पेन्सिलनं ५-१ असं लिहिलंय.

आता प्रश्न. हे खरं आहे का रीप्रिंट? पेन्सिल खोडरबरानं हलक्या हाताने काढू का? ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवावं का? आणि ज्यांना माहिती आहे त्यांनी ड्रायडनबद्दल पण लिहा, मी इथे येऊन नऊ वर्षं झाली, त्यांचं नाव ऐकलंय पण सुरुवातीच्या काळातलं काहीच माहीत नाही, आणि लेक रोज विचारतोय.

जुनीनाणी
खोडू नका!!! आधी एवढं वाचा मग बाकीचं.

मी मुळात नाण्यांवाला पण गेली काही वर्षं कार्डांमध्ये पण आहे. पेन्सिल असली की ग्रेडिंगवाले कार्डावर खूण असल्याचा शेरा मारतात हे खरं, पण खोडलं की कागदाचा वरचा थर घासला जातो आणि भिंगाखाली ते लगेच कळतं, म्हणजे मूळ खूण होती ती होतीच वर छेडछाड केल्याचा संशय पण आला.

खरं-खोटं बघायचं तर भिंग घ्या, दहापट मोठं दिसणारं पुरेल. त्या काळची छपाई बारीक ठिपक्यांची, पण अक्षरं आणि काळ्या रेघा भरीव असतात. कार्ड स्कॅन करून रीप्रिंट काढलं असेल तर अक्षरांतसुद्धा ठिपके दिसतात. आणि मागचा मजकूर बघा, नुसता इंग्रजी आहे का इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही? त्या वर्षी तेच कार्ड अमेरिकेत टॉप्सनं पण काढलं होतं, त्यातही ड्रायडनचा नंबर ४५च, पण मागे फक्त इंग्रजी. फ्रेंच असेल तर ओ-पी-ची.

कुरतडल्यासारख्या कडेची काळजी करू नका, ओ-पी-चीची कार्डं तारेनं कापायचे, त्यामुळे कडा अशा खरबरीत निघायच्या. उलट कडा एकदम सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत असेल तर नंतर कुणी छाटलंय का ते मी बघतो.

धनगरी
अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून बघा, नवीन कागद चमकतो, जुना नाही.

जुनीनाणी
@धनगरी ती टेस्ट महायुद्धाआधीच्या कार्डांना ठीक आहे. १९५०च्या सुमारापासून कागदात ती चकाकी आणणारी रसायनं यायला लागली, त्यामुळे ७१च्या कार्डावर त्यावरून काही ठरवता येत नाही. खरं कार्ड उगाच खोटं ठरेल.

एटोबिकोकर
मागे फ्रेंच आहे! भिंग लेकाच्या शाळेच्या किटमधलं मिळालं, अक्षरं भरीव दिसतायत. पेन्सिलला हात लावलेला नाही.

शांतवाचक
अगदी बेसिक प्रश्न, ही हॉकी म्हणजे ध्यानचंद, धनराज पिल्ले यांची हॉकी नाही ना? आणि ओ-पी-ची हे काय नाव आहे?

बर्फातला_आंबा
नाही, ही बर्फावरची. चेंडूऐवजी पक, रबराची जाड चकती, आणि कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की हीच. गोली म्हणजे आपला गोलकीपर, पण त्याच्याकडे ताशी दीडशे किमीपेक्षा जास्त वेगाने पक येतो. ओ-पी-ची ही ओंटारिओतल्या लंडनची च्युइंगगम कंपनी, १९११ची. गमच्या पुडीत कार्डं टाकायचे.

कल्याण_लोकल
म्हणजे आपल्या बिग फनसारखं! ८७च्या वर्ल्डकपच्या सुमाराला आम्ही शाळेच्या डब्याचे पैसे वाचवून बबलगम घ्यायचो, गम कुणाला हवं होतं, आतला क्रिकेटरचा फोटो आणि त्यावरच्या रन हव्या असायच्या. माझी सगळी चवड आईने रद्दीत दिली, आज चाळीशी उलटली तरी तो दिवस आठवतो. तुमच्या शेजाऱ्यांनी पन्नास वर्षं जपून ठेवलं आणि दुसऱ्याच्या पोराला देऊन टाकलं, खूप मोठं मन आहे.

बर्फातला_आंबा
आता ड्रायडन. मी मॉन्ट्रियलला बारा वर्षं काढलीत, तिथे या माणसाचं नाव घेतल्यावर म्हाताऱ्या लोकांचा आवाज बदलतो, त्यामुळे लांबेल, सांभाळून घ्या.

जन्म १९४७, हॅमिल्टनचा, पण वाढला टोरांटोत, तुमच्याच एटोबिकोत, इस्लिंग्टन भागात. वडिलांनी घरामागच्या अंगणात डांबर घालून दोन्ही टोकांना गोल लावून दिले होते, गल्लीतली सगळी पोरं तिथे. मोठा भाऊ डेव्ह सहा वर्षांनी मोठा आणि तो गोली, म्हणून हा पण गोली.

१९६४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, बोस्टन ब्रुइन्सनी याला चौदाव्या नंबरवर घेतला आणि त्याच महिन्यात मॉन्ट्रियलला देऊन टाकला, बदल्यात जी दोन पोरं घेतली ती एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एक मॅच खेळली नाहीत. ड्रायडनला स्वतःला हे कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं, तो समजत होता आपल्याला मॉन्ट्रियलनंच निवडलं. त्या वेळी चांगल्या पोरानं ज्युनिअर हॉकी खेळायची आणि शाळा कशीबशी करायची असा रिवाज होता. मॉन्ट्रियलची पण तीच इच्छा होती. हा म्हणाला मला शिकायचंय, आणि गेला अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत, इतिहास घेऊन. तिथे तीन सीझनमध्ये ७६ जिंकल्या, ४ हरल्या, १ बरोबरीत. १९६७ला अमेरिकन कॉलेजांचं अजिंक्यपद.

६९ला पदवी झाल्यावर पण सरळ एनएचएलला गेला नाही, विनिपेगला कॅनडाच्या राष्ट्रीय टीमकडे गेला आणि सोबत कायद्याचं शिक्षण सुरू केलं. १९७०च्या जानेवारीत कॅनडानं आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अंग काढून घेतलं, ती टीमच बंद पडली. मग मॉन्ट्रियलशी करार, मॅकगिलमध्ये लॉ कॉलेज, आणि खालच्या लीगमध्ये मॉन्ट्रियल व्हॉयाजर्सकडून मॅचेस. म्हणजे तुमच्या हातातल्या कार्डावरचा माणूस त्या वेळी लॉचा विद्यार्थी आहे, सकाळी लेक्चर आणि संध्याकाळी पॅड.

मार्च ७१मध्ये वर बोलावलं. १४ मार्चला पिट्सबर्गमध्ये पहिली मॅच, ५-१ने जिंकली. तुमची पेन्सिल तीच असणार!

जेवून येतो, पुढचं लिहितो.

एटोबिकोकर
अंगावर काटा आला. इस्लिंग्टन आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटं आहे, लेकाला आत्ताच सांगितलं, तो म्हणतोय उद्या ती गल्ली बघायला जाऊ.

बर्फातला_आंबा
आलो. २० मार्च. मॉन्ट्रियल फोरमवर बफेलो सेबर्सशी मॅच, आणि भाऊ डेव्ह बफेलोचा गोली. बफेलोचा कोच पंच इमलाक, त्याने मुद्दाम डेव्हला उतरवला की समोर केन येईल, पण मॉन्ट्रियलनं त्यांचा नेहमीचा गोली व्हाशाँ उतरवला, मग इमलाकनं डेव्हला परत बसवला. तीनपैकी दुसऱ्या पिरियडमध्ये व्हाशाँला लागलं, केन आत आला, आणि लगेच इमलाकनं डेव्हला पाठवला. एनएचएलमध्ये दोन सख्खे भाऊ दोन टोकांना गोली म्हणून उभे राहिले असं पहिल्यांदा झालं. मॉन्ट्रियल ५-२ जिंकलं आणि संपल्यावर दोघे बर्फाच्या मध्यावर येऊन हात मिळवून गेले. अंगणात ज्याचं बघून गोली झाला तोच समोर, मला ही गोष्ट त्याच्या सगळ्या कपांपेक्षा जास्त आवडते.

सीझनमध्ये एकूण सहा मॅच, सहाही जिंकल्या. आणि मग प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, पहिलीच सिरीज बोस्टनशी. त्या वर्षीचं बोस्टन म्हणजे काय हे समजून घ्या, ७८ मॅचमध्ये ३९९ गोल, फिल एस्पोझिटोचे एकट्याचे ७६, बॉबी ऑर, आणि लीगमधले पहिले चार स्कोअरर त्यांचेच. त्यांच्यासमोर कोच अल मॅकनीलनं अनुभवी व्हाशाँला बसवून सहा मॅचचं लॉचं पोरगं उभं केलं. लोक म्हणाले याचं डोकं फिरलंय. सात मॅच चालली सिरीज, मॉन्ट्रियल जिंकलं. सहा फूट चार इंचाच्या या पोराला एस्पोझिटो चोर जिराफ म्हणाला होता, इतका वैतागला होता. मग मिनेसोटा सहा मॅचमध्ये, मग फायनलला शिकागो, ती पण सातव्या मॅचपर्यंत. १८ मे, शिकागोत, २-० मागे होते, लेमेअरनं जवळजवळ मध्यावरून मारलेला पक आत गेला, मग आन्री रिशारचे दोन, ३-२. स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद. आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी ड्रायडनला.

गंमत म्हणजे नियमानुसार तो अजून नवखाच होता, कारण प्लेऑफ मोजत नाहीत आणि सीझनच्या मॅच सहाच. म्हणून पुढच्या वर्षी, १९७२ला, नवोदितांची कॅल्डर ट्रॉफी पण त्यालाच. आधी कॉन स्मिथ आणि मग कॅल्डर, असा दुसरा कुणी नाही.

शांतवाचक
मला हॉकीतलं काही कळत नाही पण दोन्ही पोस्टी मी आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. ती विचारतेय की कॉलेजचं काय झालं मग?

बर्फातला_आंबा
आईंना सांगा, पूर्ण केलं. १९७३ला मॅकगिलची लॉची पदवी. तोवर दोन स्टॅनले कप झाले होते. आणि ७३-७४ला पगारावरून पटलं नाही तर अख्खा सीझन सोडून टोरांटोत एका वकिली फर्ममध्ये आठवड्याला १३४ डॉलरवर उमेदवारी केली! नंतर परत आला, एकूण सहा कप, आणि १९७९ला बत्तिसाव्या वर्षी स्वतःहून थांबला. ३९७ मॅचमध्ये हार फक्त ५७.

आणखी एक, ७१चा कप जिंकल्यावर उन्हाळ्यात सुट्टीवर नाही गेला, वॉशिंग्टनला राल्फ नेडर यांच्याकडे काम करायला गेला, ग्राहकांच्या हक्कांवर लढणारे ते नेडर. तिथून आला आणि शरदात हे कार्ड पुडीतून निघायला लागलं.

जुनीनाणी
@एटोबिकोकर बाकीच्या कार्डांत १४८ आणि १३३ नंबर आहेत का बघा. १४८ गी लाफ्लर, १३३ मार्सेल डिऑन, दोघांची पहिली कार्डं याच सेटमधली आणि ती फक्त ओ-पी-चीत आहेत, कारण टॉप्सचा सेट १३२लाच संपतो, ओ-पी-चीचा २६४चा.

एटोबिकोकर
१४८ नाही, १३३ नाही. २६३ आहे, जाँ बेलिव्हो. रबरबँड चिकटलेलं एक तेच.

धनगरी
५-१ बद्दल एक शंका. पहिली मॅच पिट्सबर्गला, मार्चच्या मधली साधी मॅच, तोवर ड्रायडनचं नाव कुणाला माहीत होतं? त्या वयाच्या पोरानं ती लक्षात ठेवून कार्डावर लिहिली असेल असं वाटत नाही. मी आत्ता वाचत बसलो होतो, बोस्टन सिरीजची दुसरी मॅच बघा, ८ एप्रिल. बोस्टन ५-१ पुढे होतं.

बर्फातला_आंबा
अरे हो!!! मी एवढं लिहिलं आणि हेच विसरलो. दुसऱ्या पिरियडमध्ये बोस्टन ५-१. मग रिशारनं एक गोल केला, आणि तिसऱ्या पिरियडमध्ये मॉन्ट्रियलनं ओळीने पाच मारले, त्यात बेलिव्होचे दोन. ७-५ जिंकले. सिरीज तिथे फिरली असं अजून मानतात. पण मग त्यानं ७-५ लिहायला पाहिजे होतं, ५-१ का? मी अजून पिट्सबर्गच म्हणतो.

पुणे३०
मी सहसा फक्त वाचतो, आज लिहितोय कारण ड्रायडन हे आडनाव मला हॉकीमुळे नाही, वेगळ्याच कारणाने माहीत आहे आणि ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

बर्फातला_आंबा यांनी अंगणात डांबर घालणाऱ्या वडिलांचा उल्लेख केला, त्यांचं नाव मरी ड्रायडन. त्यांना झोपलेल्या मुलांचे फोटो काढायचा नाद होता. देशोदेशी फिरताना उघड्यावर झोपलेली मुलं बघितली आणि १९७०मध्ये त्यांनी आणि पत्नी मार्गरेट यांनी एक संस्था सुरू केली, गरीब मुलांना झोपायचं सामान द्यायचं, गादी किंवा चटई, उशी, चादर, पांघरूण, गरज असेल तिथे मच्छरदाणी, कपडे, शाळेच्या वस्तू. पहिलं वाटप कुठे झालं माहितीये? पुण्यात. पन्नास मुलांना. संस्था अजून चालू आहे, दहा लाखांहून जास्त मुलांपर्यंत पोचली, आणि थोरला मुलगा डेव्ह, तोच बफेलोचा गोली, त्यानं पुढे ते काम बघितलं.

म्हणजे एक मुलगा मॉन्ट्रियलला लॉ करत खालच्या लीगमध्ये खेळतोय, एनएचएलची एकही मॅच झालेली नाही, आणि त्याच सुमाराला आईवडील आपल्या पुण्यात पोरांच्या अंगावर पांघरूण घालतायत. पानशेतच्या पुराला तेव्हा नऊच वर्षं झाली होती, शहरात किती कुटुंबं तेव्हाही पत्र्याखाली होती ते आमच्या घरातल्यांनी पाहिलंय.

एटोबिकोकर
@पुणे३० काय लिहू. माझं लहानपण नारायण पेठेतलं. इतकी वर्षं इथे राहतोय, बायकोशी कितीदा बोललो असेन की इथल्या इतिहासाशी आपला काही धागाच नाही, लेकाचा असेल, आपला नाही. हे तुम्ही लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, मग दोघंही बराच वेळ गप्प बसलो होतो.

कल्याण_लोकल
+१. आणि शेजाऱ्यांना विचारा ना ५-१चं काय ते, माणूस शेजारीच आहे!

एटोबिकोकर
विचारलं. आज संध्याकाळी लेकाला आणि कार्ड घेऊन गेलो, घरात आता खुर्च्या पण उरलेल्या नाहीत, तिघंही जिन्यावर बसलो.

धनगरी बरोबर. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. ८ एप्रिलला वडिलांबरोबर मॅच बघत होते, ५-१ झाल्यावर वडील म्हणाले झालं, संपलं हे, जा झोपायला. गादीत रडले म्हणाले, त्या नवीन गोलीसाठी, की आता याला परत कुणी उतरवणार नाही. सकाळी वडिलांनी उठवून ७-५ सांगितलं तर विश्वास बसेना, पेपर येईपर्यंत दारात उभे होते. शरदात पुडीतून हे कार्ड निघालं तेव्हा मागे ५-१ लिहून ठेवलं. मी विचारलं ७-५ का नाही लिहिलं, तर म्हणाले ७-५ तर पेपरात होतं, सगळ्यांना माहीत होतं, मी झोपायला गेलो तेव्हाचा स्कोअर मला लक्षात ठेवायचा होता.

मग लेकाला म्हणाले, तुमचा गेल्या शनिवारचा स्कोअर काय? तो म्हणाला ८-१. ते म्हणाले लिहून ठेव कुठेतरी.

ड्रायडन गेले २०२५च्या सप्टेंबरात, तेव्हा हा खोका त्यांनी खूप वर्षांनी काढून बघितला होता, हेही सांगितलं. मी पुण्याचं सांगितलं. त्यांना संस्था माहीत होती, त्यांच्या चर्चमध्ये पैसे जमवायचे, पण पहिलं वाटप पुण्याचं हे माहीत नव्हतं. मला म्हणाले म्हणजे तुमच्या गावचं आणि माझ्या गोलीचं आधीपासून होतं.

ग्रेडिंगला पाठवत नाही, विकत तर अजिबातच नाही. लेकाच्या टेबलावर राहील.

बर्फातला_आंबा
पिट्सबर्ग मागे घेतो. डोळे भरून आले.

शांतवाचक
आई विचारतेय पुढचा सामना कधी आहे मुलाचा.

एटोबिकोकर
शनिवारी सकाळी सात वाजता, आईंना नमस्कार सांगा.

जुनीनाणी
टेबलावर ठेवायचं तर उन्हापासून लांब ठेवा, खिडकीसमोर नको, रंग उडतात. आधी मऊ पातळ स्लीव्ह आणि त्यावर कडक होल्डर, दोन्ही पीव्हीसी नसलेलं घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. स्वस्तातलं पीव्हीसी काही वर्षांनी चिकट होतं आणि पेन्सिल पण त्याच्यावर उतरते. बेलिव्होचं रबर ओढून काढू नका, तसंच राहू द्या.